चिरीमिरी मागणाऱ्याला कोर्टापर्यंत कसं न्यायचं: मुंबईकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

शिधावाटप कार्यालयातला कारकून, वॉर्ड ऑफिसातला मुकादम, चौकीवरचा हवालदार यांची लाच सहसा पाचशेची, दोन हजारांची, फार तर दहा हजारांची असते. एवढ्यासाठी कोण कोर्टकचेऱ्या करत बसणार, असं म्हणून लोक पैसे देतात आणि मोकळे होतात. कायदा मात्र रकमेकडे बघत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ यात २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली. आताच्या कलम ७ खाली जे उदाहरण दिलंय, ते थेट आपल्या रेशनिंग ऑफिसातलं वाटावं असं आहे: रेशनकार्डाचा नेहमीचा अर्ज वेळेत पुढे सरकवण्यासाठी ५,००० रुपये मागणारा लोकसेवक या कलमाखाली दोषी. पैसे हातात पडलेच पाहिजेत असंही नाही, मागितले तरी गुन्हा होतो. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं आणि वर दंड.

हे वाचायला सोपं आहे, सिद्ध करायला नाही. तक्रारदाराचं सगळं लक्ष नोटांवर असतं: पावडर लावली का, हात धुतल्यावर रंग आला का, पेपरात ‘रंगेहाथ पकडले’ असं छापून आलं का. आरोपी सुटतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी. पैसे सापडले, पण त्यानेच मागितले होते हे ठामपणे पुढे आलं नाही. नुसत्या नोटा सापडल्याने गुन्हा शाबित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या बी. जयराज आणि २०१५ च्या पी. सत्यनारायण मूर्ती या निकालांत स्पष्ट केलं आहे. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मागणीचा पुरावा डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

मागणी झाली त्या दिवशी

समजा, कुर्ल्यातल्या एका बाईंना शिधापत्रिकेवर सुनेचं नाव चढवायचंय. कागदपत्रं पूर्ण आहेत, पोचपावती हातात आहे, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, “बघू या, साहेबांचंही बघावं लागतं ना.” ही मागणी झाली का? अजून नाही. आपण मात्र तिथेच पहिली चूक करतो. “किती द्यायचे साहेब?” असं आपणच विचारून मोकळे होतो. उद्या उलटतपासणीत वकील हेच वाक्य धरणार: पैशांचा विषय तुम्हीच काढलात. त्याऐवजी साधं विचारा, “आता काय करायचं राहिलंय?” आणि गप्प राहा. रक्कम त्याच्या तोंडून यायला हवी.

रक्कम सांगितली की तिथे भांडू नका, हो-नाही करू नका. “घरी विचारून सांगते, पैशांची सोय करावी लागेल” एवढं बोलून बाहेर पडा. मग त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, घडलं ते लिहून काढा: तारीख, वेळ, कोणत्या मजल्यावरचं कोणतं टेबल, तो नेमके कोणते शब्द बोलला, बाजूला कोण उभं होतं. ‘लाच मागितली’ असं लिहू नका. ‘दोन द्या, आज सही करून घेतो’ असं म्हणाला असेल तर ते तसंच लिहा. नाव ठाऊक नसेल तर टेबलावरची पाटी, गळ्यातलं ओळखपत्र, नाहीतर निदान वर्णन टिपा.

अर्जाची पोचपावती, ऑनलाइन अर्ज असेल तर त्याच्या स्थितीचा स्क्रीनशॉट, आधी दिलेल्या त्रुटींचं पत्र, हे सगळं एका फाइलीत ठेवा. तुमचं काम त्या दिवशी खरोखर अडलेलं होतं आणि ते त्या माणसाच्या हातात होतं, हे या कागदांवरून दिसतं. “काम आधीच झालं होतं, मी पैसे कशाला मागू?” हा बचाव जुनाच आहे आणि अनेकदा चालतोही.

फोनवर मागणी झाली असेल आणि तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल तर त्याला कात्री लावू नका. नको तो भाग काढू नका, ‘फक्त महत्त्वाचं’ वेगळं करू नका. मूळ फाइल मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवून मग फोनमधून ती पुसून टाकली तर मूळ पुरावाच गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते कसं द्यायचं ते तपास अधिकारी सांगतील, पण फोन हरवलेला किंवा फॉरमॅट केलेला असेल तर त्यांचाही नाइलाज होईल. आणि हो, तुमचा फोन मुद्देमाल म्हणून जमा होऊ शकतो. त्याआधी आपले फोटो, संपर्क दुसरीकडे उतरवून ठेवा.

पैसे आधीच दिले असतील तर

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही कलम ८ खाली गुन्हेगार ठरतो, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. पण त्याच कलमात सुटकेची वाट आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर दिल्यापासून ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं की ते कलम तुम्हाला लागत नाही. आधी कळवून, सापळ्यासाठी म्हणून पैसे दिले तरीही लागत नाही. काल पाचशे दिले, आज पुन्हा मागतोय, असं असेल तर कालचे पाचशे लपवू नका. तक्रारीतच लिहा. नंतर ते समोरच्या वकिलाने बाहेर काढले तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

तक्रार कुठे

राज्य सरकार, महापालिका, पोलीस, आरटीओ, म्हाडा, सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय यांतलं कोणी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. १९५७ पासून काम करणाऱ्या या विभागाचं मुख्यालय वरळीत सर पोचखानवाला मार्गावर आहे. टोल फ्री क्रमांक १०६४. फोनवर प्राथमिक माहिती देता येते, पण सापळा लावायचा असेल तर प्रत्यक्ष जावंच लागतं. पोलीस हवालदाराने हप्ता मागितला असेल तरी त्याच पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन जाण्याची गरज नाही, हेच ठिकाण.

रेल्वे, पोस्ट, प्राप्तिकर, कस्टम्स, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँका हा केंद्राचा कारभार. तिथे सीबीआय. त्यांचं मुंबईतलं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. चुकीच्या दारात गेलात तरी आकाश कोसळत नाही, पण वेळ जातो, आणि सापळ्यात वेळ फार महत्त्वाचा. पैसे द्यायचा वायदा उद्या सकाळचा असेल तर आज संध्याकाळी पोचायला हवं.

निनावी पत्र सापळ्यासाठी निरुपयोगी. पैसे घेऊन जाणारं कोणीतरी हाडामांसाचं माणूस लागतंच.

तक्रार करणार आहात हे कोणाला सांगायचं? शक्यतो कोणालाच नाही. ऑफिसातला ओळखीचा शिपाई, सोसायटीतले ‘वरपर्यंत ओळख’ असलेले काका, स्थानिक कार्यकर्ता, कोणाकडूनही बातमी फुटते. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा विचारही या टप्प्यावर बाजूला ठेवा. तो अर्ज पोचला की टेबलापलीकडचा माणूस सावध झालाच म्हणून समजा.

पडताळणी: खटला इथेच बनतो

तुमची लेखी तक्रार घेतल्यावर अधिकारी लगेच सापळा लावत नाहीत. आधी मागणी खरी आहे का हे तपासतात. पेपरातल्या बातम्यांत ‘पडताळणीत तडजोडीअंती तीन हजार रुपयांची मागणी केल्याचे निष्पन्न झाले’ असं वाक्य वाचलं असेल, ते याच टप्प्याचं. लोकांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो. “मी सांगतोय ना, पुन्हा कशाला?” असं काही जण विचारतात. माझ्या मते सापळ्यापेक्षा पडताळणी महत्त्वाची. सापळा फसला तरी पडताळणी चांगली झाली असेल तर मागणीचा गुन्हा उभा राहतो. पडताळणी कच्ची राहिली तर सापळ्यात सापडलेल्या नोटांनाही अर्थ उरत नाही.

यात दोन पंच असतात, सहसा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले कर्मचारी. त्यांच्यासमोर तुमची तक्रार वाचली जाते, तुमच्याजवळ व्हॉइस रेकॉर्डर दिला जातो आणि एक पंच तुमच्यासोबत येतो. तो पंच तुमचा नातेवाईक, मित्र, शेजारी म्हणून वावरणार. तेव्हा “हा माझा भाचा” हे आधीच ठरवून घ्या, आत गेल्यावर अडखळू नका.

आता बोलायचं काय? संवाद नैसर्गिक हवा, पण रेकॉर्डिंगमध्ये तीन गोष्टी यायलाच हव्यात: तुमचं कोणतं काम, किती रक्कम, आणि ती कामासाठी आहे हे. “ते सुनेचं नाव चढवायचं होतं ना, त्याचं काय झालं?” एवढं तुम्ही म्हणा. पुढचं त्याला बोलू द्या. तो “दोन” म्हणाला तर “दोन म्हणजे दोनशे ना?” असं भाबडेपणाने विचारता येतं. तो हसून “दोन हजार हो” म्हणेल. रक्कम कमी करून मागितली तर त्यात गैर काही नाही, पण आपण नवा आकडा सुचवू नये.

मुंबईतले जुने खेळाडू तोंडाने आकडा बोलतच नाहीत. बोटं दाखवतात, कॅल्क्युलेटरवर टाइप करून फिरवतात, वहीच्या मागे लिहून खोडतात, मोबाइलची स्क्रीन दाखवतात. रेकॉर्डरला हे दिसत नाही. म्हणूनच पंचाला अशा जागी उभं करायचं की त्याला टेबल दिसलं पाहिजे. तुम्ही आडवे उभे राहून त्याचा डोळा झाकू नका. बाहेर आल्यावर काय दिसलं, ते पंचनाम्यात जसंच्या तसं लिहिलं जातंय ना, हे वाचून बघा. मराठीत वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, त्यात संकोच नको.

काही वेळा तो म्हणतो, “माझं काय नाही, बाहेर बसलाय त्या मुलाशी बोला.” तो मुलगा म्हणजे एजंट, पोलिसांच्या भाषेत ‘खासगी इसम’. लाच स्वतः घ्यावी किंवा दुसऱ्यामार्फत, कलम ७ दोन्हींना लागतं. एजंटवरही कलम ७अ किंवा मदत केल्याबद्दल कलम १२ लावता येतं. अडचण दोघांतला धागा दाखवण्याची असते. त्यामुळे साहेबाने एजंटकडे पाठवलं ते वाक्य, आणि एजंटने साहेबांना केलेला फोन, हे टिपलं जाणं सोन्याहून मोलाचं.

हल्ली जीपे करायला सांगणारेही भेटतात, पण नंबर बायकोचा, मेव्हण्याचा किंवा समोरच्या झेरॉक्सवाल्याचा. स्वतःच्या अकलेने पैसे पाठवून स्क्रीनशॉट घेऊन येऊ नका. आधी नंबर कळवा, मग अधिकारी सांगतील तसं करा. बँकेतली नोंद पुसली जात नाही, पण ते पैसे कशासाठी होते हे ती सांगत नाही.

सापळा

लाचेची रक्कम सहसा तक्रारदारच घेऊन येतो. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात आणि त्यांना पावडर लावली जाते: फिनॉल्फ्थॅलीन, ज्याला स्पर्श झालेले हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, किंवा महाराष्ट्रात पूर्वापार वापरात असलेली अँथ्रासीन, जी अतिनील दिव्याखाली चमकते. पावडर लावलेल्या नोटा तुमच्या खिशात ठेवून दिल्या जातात. त्यानंतर त्यांना हात लावायचा नाही, तो मागेपर्यंत. रिक्षाचं भाडंही त्या खिशातून द्यायचं नाही, हे सांगायला नको, पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. आरोपीशी हस्तांदोलन करू नका, त्याच्या टेबलावरच्या वस्तूंना हात लावू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: गेल्या गेल्या नोटा पुढे करू नका. कामाबद्दल विचारा. “आणलंत का?” असं त्याने विचारलं पाहिजे. मग द्या, त्याच्या हातात. “तिथे ड्रॉवरमध्ये टाका” म्हणाला तर तेही चालतं, पण त्याने ते म्हणणं आणि पंचाने ते ऐकणं आवश्यक आहे. न मागता टेबलावर ठेवलेल्या नोटा म्हणजे बचावाच्या वकिलाला दिलेली भेट. घेतल्यावर ठरलेला इशारा करायचा. चष्मा काढणं, डोक्यावरून हात फिरवणं, असलं काहीतरी साधं. इशारा झाला की बाजूला व्हा. पथक आत येतं, हात धुणं, झडती, जप्ती हे सगळं पंचांसमोर होतं. तुम्ही ‘बघितलंस का आता!’ वगैरे काही बोलायचं नाही.

त्या दिवशी तो पैसे घ्यायला आलाच नाही, त्याला संशय आला, त्याने पैसे नाकारले, असंही होतं. हात हलवत परत यावं लागलं म्हणून निराश होऊ नका. पडताळणीतल्या मागणीवर गुन्हा दाखल करता येतो, कारण कलम ७ मध्ये लाच मिळवण्याचा प्रयत्नही येतो.

अटकेनंतरची संथ वाट

गुन्हा नोंदवला जातो, घरझडती होते, आवाजाचे नमुने घेऊन कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवले जातात. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश न्यायालय आरोपीला देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने रितेश सिन्हा प्रकरणात २०१९ साली ठरवलंय, तेव्हा ‘मी देत नाही’ असं म्हणून तो सुटत नाही. लोकसेवकाच्या चौकशीआधी वरिष्ठांची मंजुरी लागते असं सांगून कोणी तुम्हाला घाबरवेल. कलम १७अ मधली ती अट लाच घेताना जागीच केलेल्या अटकेला लागत नाही.

खटला चालवायला मात्र कलम १९ खाली मंजुरी लागते, त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढू शकणाऱ्या अधिकाऱ्याची. कायद्यात ३ महिन्यांची मुदत आहे, कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी १ महिना. इथे प्रकरणं रेंगाळतात. तुम्ही फिर्यादी आहात, एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, ती त्याच दिवशी घ्या. मग दर काही आठवड्यांनी तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा: मंजुरीचा प्रस्ताव गेला का, कोणत्या तारखेला, दोषारोपपत्र कधी. तोंडी चौकशीपेक्षा एक पानाचं पत्र आणि त्यावरची पोचपावती जास्त काम करते. माहितीचा अधिकार वापरायचा तर तो आता वापरा, आणि तोही त्या मंजुरी देणाऱ्या कार्यालयात, फाइल कोणत्या टेबलावर आहे एवढंच विचारायला.

सापळ्यात वापरलेले पैसे मुद्देमाल म्हणून अडकतात, पण तेवढी रक्कम तक्रारदाराला शासनाकडून परत मिळते. विभागाकडे त्यासाठी अर्ज करा. तुमचं मूळ अडलेलं काम मार्गी लावायलाही विभाग पाठपुरावा करतो. मात्र काम कायद्यात बसणारं असेल तरच. अनधिकृत पोटमाळा वाचवण्यासाठी कोणी पैसे मागितले असतील तर मागणारा गुन्हेगार आहेच, पोटमाळा त्यामुळे अधिकृत होत नाही.

राज्य सरकारचा कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार तो निलंबित मानला जातो. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे. काही काळाने तोच माणूस दुसऱ्या टेबलावर परत दिसू शकतो. तेव्हा धक्का बसू देऊ नका. धमकी आली, ‘मिटवून टाका’ म्हणून निरोप आला, तर तारखेसह लेखी कळवा. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली आहे, तिच्यासाठी अर्ज करता येतो.

साक्षीच्या दिवशी

मुंबईत हे खटले सत्र न्यायालयातल्या विशेष न्यायाधीशांपुढे चालतात. कायदा दोन वर्षांत निकाल लावायचा प्रयत्न करा म्हणतो, मुदतवाढीसह चारच्या वर जाऊ नका म्हणतो. तरी समन्स आलं तेव्हा सून दोन पोरांची आई झालेली असू शकते. साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटा, तुमची तक्रार आणि जबाब पुन्हा वाचू द्या म्हणून सांगा.

उलटतपासणीत ठरलेले प्रश्न येतात. ते पैसे उसने होते. ती सरकारी फी होती. तुमचं काम नियमात बसत नव्हतं म्हणून तुम्ही सूड घेतला. तुम्हीच नोटा खिशात कोंबल्या. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. पंचनाम्यात जे नाही ते नव्याने जोडू नका, कितीही खरं असलं तरी. वकील आवाज चढवेल, तुम्ही न्यायाधीशांकडे बघून हळू बोला.

काही तक्रारदार इथपर्यंत येऊन फितूर होतात. गावाकडचा, जातीतला, नात्यातला कोणीतरी मध्ये पडतो. नीरज दत्ता प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी मागणी आणि स्वीकार इतर साक्षीपुराव्यावरून, परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही सिद्ध करता येतो. पण सिद्ध व्हावा लागतोच. म्हणजे तुम्ही मागे फिरलात तरी खटला आपोआप संपत नाही, आणि शपथेवर खोटं बोलल्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते ती वेगळीच.

ज्यांना खटला नको, फक्त काम हवंय

पैसे कोणी मागितले नाहीत, नुसतं टोलवतायत, अशा वेळी सापळ्याच्या मागे लागू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत आहे. ती उलटली की पहिलं अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज केला असेल तर तारखा आपोआप नोंदलेल्या असतात. खिडकीवर अर्ज देत असाल तर पोचपावतीवर तारीख आणि शिक्का असल्याशिवाय तिथून हलू नका. उद्या खरंच कोणी पैसे मागितले, तर वरळीला जाताना तोच कागद आधी लागणार आहे.